मोकळी ठेवलेली जागा

कथाकार काम सांगायला आला तेव्हा थोरली दगडाच्या कारखान्यात एका नावाचा शेवटचा काना कोरत बसली होती. तो दारातच थबकला. धुळीकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि हळव्या आवाजात म्हणाला, "ताई, आपल्या धाकटीच्या आठवणीसाठी एक शिळा करायची आहे. वाचनालयाच्या बागेत बसवणार आहेत. साधीसुधी नको. रोमन पद्धतीची."

"आपल्या" म्हणाला तो. थोरलीनं छिन्नी खाली ठेवली. रागात कोरलं की काना वाकडा जातो, आणि ज्याचं नाव होतं त्याचा यात काही दोष नव्हता.

"बसा भाऊजी," ती म्हणाली.

बसायला दगडच होते. तो उभा राहिला.

बाबांना या दोनच मुली. कागदावर त्यांना नावं होती, पण घरात आणि गल्लीत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखत. थोरलीनं लहानपणीच बाबांची छिन्नी उचलली ती उचललीच. बाईच्या हाती हातोडा शोभत नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं पुढे तिनंच कोरली, आणि मनात काही न ठेवता सुबक कोरली. धाकटी दगडाला पॉलिश करायची आणि करताना शीळ घालायची. ती हसली की गल्लीच्या टोकाचा चांभार हातातलं काम थांबवून विचारायचा, "काय गं, आज काय झालं?"

मग तिचं लग्न कथाकाराशी झालं. मोठा माणूस. सोशिक बायकांच्या गोष्टी लिहायचा. वाचून बायका डोळे पुसायच्या आणि पुरुष आपापल्या बायकोला म्हणायचे, बघ, वाच जरा. त्याच्या खोलीत रोमन बाईचा एक प्लास्टरचा पुतळा होता. डोक्यावरून पदरासारखं वस्त्र, एक हात पोटाशी, दुसरा हनुवटीखाली, नजर खाली. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी त्यानं धाकटीला अंगावर चादर घेऊन तस्संच उभं केलं होतं. तिला हसू आवरेना. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. पुढे पुढे त्या घरात ते बोट वरचेवर ओठांवर येऊ लागलं, आणि ती माहेरी आली तरी गल्लीतल्या चांभाराचं काम थांबेनासं झालं.

"मजकूर मी आणलाय," कथाकार म्हणाला आणि त्यानं तो तोंडानंच सांगितला. "घर राखलं. लोकर कातली. कधी उलट बोलली नाही."

"लोकर?" थोरलीनं मान वर केली. "भाऊजी, तिनं उभ्या जन्मात लोकर कातली नाही. मफलर विणायला घेतला तर टाके गाळून गाळून त्याची लंगोटी झाली होती."

"ताई, ते प्रतीक असतं." तो दयेनं हसला. "रोमन लोक आपल्या बायकांच्या थडग्यांवर असंच लिहीत. दोन हजार वर्षं टिकलेत ते शब्द. एका चांगल्या स्त्रीबद्दल आणखी काय सांगायचं असतं? तिकडे तर मुलींना स्वतःचं वेगळं नावही बहुधा नसायचं. बापाच्या घराण्याचं नाव घ्यायचं आणि पुढे लावायचं, थोरली, धाकटी."

"म्हणजे आमचे बाबा रोमनच निघाले म्हणायचे."

त्याला विनोद आवडला नाही. त्याच्या घरात विनोद त्यानं करायचा असे.

"आणि हे बघा," तो म्हणाला, "वरच्या अर्ध्या भागात हा मजकूर. बारीक, नाजूक अक्षरं. लाल रंग भरायचा. खालचा अर्धा भाग मोकळा ठेवा, गुळगुळीत पॉलिश करून. माझ्या नावासाठी. बायकोच्या शिळेवर नवरा आपली जागा जिवंतपणीच राखून ठेवायचा. तीही त्यांचीच पद्धत."

"खालचा अर्धा भाग तुमच्यासाठी," थोरली सावकाश म्हणाली.

"हो."

"ठेवते की."

तो गेल्यावर तिनं हात धुतले आणि कोपऱ्यातल्या देवासमोर उभी राहिली. कामाला हात लावण्याआधी रोज दोन घटका तिथं उभं राहायचं, हा तिचा बाबांपासूनचा नेम. रोज ती सगळ्यांचं भलं माग म्हणून स्वतःला बजावायची. त्या दिवशी ओठांवर आलं ते वेगळंच. देवा, मला क्षमा करायला आत्ता सांगू नकोस. आधी हातातलं काम पुरं होऊ दे.

कारण काय घडलं होतं ते तिला ठाऊक होतं. तिला आणि त्याला, दोघांनाच.

काही महिन्यांपूर्वी एके दिवशी कथाकाराकडे वाचनालयाची मंडळी जेवायला होती. धाकटीच्या पोटात सकाळपासून कळ येत होती. ती त्याच्या खोलीत गेली आणि म्हणाली, फार दुखतंय, मला डॉक्टरकडे न्या. तो म्हणाला, पाहुणे जाऊ देत. तिनं स्वयंपाक केला. पंगत बसली, तेव्हा ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा तेच म्हणाला, आणि ओठांवर बोट ठेवलं. तिनं सगळ्यांना वाढलं, आग्रह केला, हात धुवायला पाणी दिलं. पाहुणे तोंड भरून कौतुक करत निघाले आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागे कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आतडं आत फुटलंय, सकाळीच का नाही आणलंत? धाकटीनं थोरलीचा हात धरून सगळं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. नवल वाटल्यासारखं. "ताई, मी दोनदा सांगितलं गं त्यांना."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेही थोरलीनं कदाचित गिळलं असतं. माणूस चुकतो, मग जन्मभर पोळतो. पण कथाकारानं त्यावर गोष्ट लिहिली. पोटात कळ घेऊन हसतमुखानं पाहुण्यांना वाढणारी बायको. गोष्टीतली बायको नवऱ्याला दुखण्याचा पत्ताच लागू देत नाही. नवरा बिचारा अजाण, तिच्या पायांशी बसून रडतो. गोष्ट गाजली. बायका डोळे पुसत होत्या. धाकटीनं दोनदा उच्चारलेलं वाक्य त्यानं तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि त्या रिकाम्या तोंडावर लोक फुलं वाहत होते.

थोरलीनं पांढरा, घट्ट कण्यांचा दगड निवडला. आधी खालचा अर्धा भाग घेतला. तिथं तिनं ठसठशीत अक्षरं कोरली, बोटाचं पेर आत जाईल इतकी खोल. मग लुकण केलं. दगडाला टवका गेला की कारागीर दगडाचीच भुकटी लाखेत कालवून खळगा भरतात, ते लुकण. लाखेचं लुकण चिवट असतं. थोरलीनं लाख घेतली नाही. राळ आणि मेण घेतलं, मेण जास्त. भरलं, घासलं, वरून मेणाचं पॉलिश चढवलं. खालचा अर्धा भाग आरशासारखा कोरा झाला. मग वर भाऊजींची लोकर कातली, बारीक, नाजूक, लाल.

तो बघायला आला. हरखून गेला.

"पाणी मारून बघा," थोरली म्हणाली. तयार दगड गिऱ्हाइकासमोर ओला करायचा, हा धंद्याचा शिरस्ता. दगडात काही लपवलं असेल तर ओल्यात रंग वेगळा दिसतो. तिनं बादली पुढे सरकवली. त्याला ही एक संधी द्यायची, असं तिनं देवाला कबूल केलं होतं.

"छे, छे, कपड्यांवर उडेल." तो दोन पावलं मागे सरला. "तुमच्यावर विश्वास आहे ताई."

"बरं," थोरली म्हणाली. बादली उचलून तिनं गटारात ओतली.

शिळा बागेत बसली आणि दुसऱ्याच दिवसापासून थोरलीनं नवा नेम धरला. सकाळी घरून कोमट पाण्याची किटली न्यायची, शिळेवर धार धरायची आणि मऊ फडक्यानं पुसायची. थंडी असो, अंगात कसर असो, नेम चुकला नाही.

"ताई, दगडाला सर्दी होते का?" वाचनालयाचा रखवालदार एकदा म्हणाला. "आम्हाला चहाला गरम पाणी मिळत नाही."

"धाकटीला गार पाणी सोसायचं नाही हो."

रखवालदारानं टोपी काढली. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, बहीण असावी तर अशी. बायका थांबून बघू लागल्या. जिला जन्मभर "बाईसारखी बाई नाही" म्हणून नाकं मुरडली, तिच्या हाती हातोड्याऐवजी किटली दिसताच गावाला ती एकदम गुणाची वाटू लागली. थोरली मान खाली घालून पुसत राही. फडक्याखाली बोटांना कळत होतं, लुकण कडांनी सुटत चाललंय. वरचं पॉलिश तेवढं त्याला धरून होतं. तेही कोमट पाण्यापुरतंच.

कौतुक कथाकाराच्या कानावर गेलं. तो स्वतः कारखान्यात आला.

"ताई, धाकटीला जाऊन वर्ष होतंय. त्या दिवशी शिळेपाशीच माझ्या संग्रहाचं प्रकाशन ठेवलंय. माझं भाषण झालं की तुम्ही यायचं, रोजच्यासारखी धार धरायची. काही बोलायचं नाही. नुसतं दृश्य. लोकांच्या मनावर कोरलं जाईल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"तुम्हीच म्हणताय तर येते," थोरली म्हणाली.

त्या दिवशी बाग भरली होती. पुढच्या खुर्च्यांवर वाचनालयाची मंडळी होती, तीच, धाकटीच्या हातचं जेवून गेलेली. त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी होती. ती कथाकाराच्या गोष्टी टाइप करायची, आणि येत्या महिन्यात तो तिच्याशी लग्न करणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं डोक्यावरून शाल घेतली होती. एक हात पोटाशी, एक हनुवटीखाली. तिला तसं बसायला कुणी सांगितलं असेल, हे थोरलीला विचारावं लागलं नाही.

कथाकार छान बोलला. रोमबद्दल बोलला, राखलेल्या घराबद्दल, कातलेल्या लोकरीबद्दल. "तिनं मला कळूच दिलं नाही हो," म्हणताना त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. मग त्यानं हात केला आणि थोरली पुढे झाली.

किटलीतलं पाणी त्या दिवशी कोमट नव्हतं. रखवालदाराच्या शेगडीवर तिनं ते खळखळ उकळून घेतलं होतं. तिनं खालच्या कोऱ्या भागावर धार धरली, अगदी संथ. वाफ उठली. "आहा," मागून एक बाई म्हणाली. मेण पाघळून दगडावरून ओघळलं. थोरलीनं फडकं घेतलं नाही. पदराआडून काथ्याचा जाड ब्रश काढला आणि दोन्ही हातांनी जोर लावून घासला. लुकण गोळ्यागोळ्यांनी सुटून गवतावर पडू लागलं.

वाफ विरली तसं पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं, वाचायच्या सवयीनं, वाचलं.

"ती म्हणाली, फार दुखतंय, डॉक्टरकडे न्या. तो म्हणाला, पाहुणे जाऊ देत."

म्हाताऱ्याला आपण काय वाचलं ते उशिरा कळलं. त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्यानं स्वतःच्या हातांकडे. त्या पंगतीत याच हातांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

टाइप करणारी मुलगी उठली. शाल खांद्यावर घसरली, ती तिनं सावरली नाही.

"सर, तिनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, तू बस."

"सांगितलं होतं का?"

"घरात माणसं होती!" कथाकार ओरडला. "पंगत बसली होती. मी काय सगळ्यांना उठवायचं होतं?"

म्हणजे झालंच. थोरलीला काही बोलावं लागलं नाही, दगडालाही आणखी काही सांगावं लागलं नाही. मुलगी खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत फाटकाकडे चालू लागली. कथाकारानं तिला दोनदा हाक मारली. तिनं मागे पाहिलं नाही. कुणीतरी हातातलं नवं पुस्तक गुपचूप खुर्चीवर ठेवून दिलं.

तो थोरलीजवळ आला. चेहरा पांढराफटक. ओठ न हलवता, दात आवळून म्हणाला, "ताई, झाका ते. भरा परत. आत्ताच्या आत्ता. लोक बघतायत."

थोरलीनं किटलीचं झाकण लावलं. ब्रश झटकला. खोल अक्षरांत साचलेलं पाणी अजून वाफाळत होतं. मग नेहमीच्याच हळू आवाजात, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी बोलावं तसं अदबीनं, ती म्हणाली,

"झाकते की भाऊजी. पाहुणे जाऊ देत."