स्वतःला धरून

उस्तादांनी उभा जन्म माणसं डोंगरावर नेली आणि परत आणली. पण वरून दिसतं काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. वाटाड्याची नजर वर असतेच कुठे? ती लोकांच्या पायांवर, ओठांवर. कोण निळं पडतंय, कोण प्यायल्यासारखं झुलतंय. शिखरावर लोक फोटो काढायचे, हे डोकी मोजायचे आणि ढगांकडे बघत म्हणायचे, आवरा आता.

यंदा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, उंचीवर जाणं बंद. लगेच बंद का, असं यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, कालपासूनच. ते यांनी गिळून टाकलं. घरी एवढंच सांगितलं, की एकदा गिऱ्हाईक म्हणून यायचंय. वर जाऊन नुसतं बसायचं, बघायचं आणि संध्याकाळी घरी.

आता धंदा जावई बघत होता. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा, मुलगी शेपटाला. जावई कमी बोलणारा. पाण्यात पडला तरी ओरडावं की नाही याचा आधी विचार करेल, असं उस्ताद त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा. डोंगर शिकला होता मात्र यांच्याकडूनच.

त्या दिवशी उस्तादांना धरून अकरा गिऱ्हाईकं होती. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांची टकळी दम लागला तरी चालूच. दोन बहिणी होत्या, एकीची टोपी लालभडक. बाकीचे कुठल्याशा ऑफिसातले, सगळे एकमेकांचे ओळखीचे.

प्रत्येक थांब्यावर जावई सगळ्यांना तेच तेच विचारायचा. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, लघवी झाली का. मग जमिनीवर काठीने रेघ ओढून तिच्यावरून पावलाला पाऊल लावत चालायला लावायचा. हे सगळं उस्तादांनीच ठरवलेलं. म्हणजे पेपर काढणाराच परीक्षेला बसलेला. दुसऱ्या थांब्यापासून त्यांचं डोकं कुणीतरी पट्टा आवळावा तसं आवळत होतं. पण उत्तरं तोंडपाठ होती, आणि रेघेवर चालताना पायांकडे न बघता लांब दगडावर नजर ठेवली की तोल जात नाही, हेही माहीत होतं. सगळीकडे पास झाले.

खिंडीत पोचले. इथून पुढे फक्त बर्फाचा शेवटचा चढ, तोही दोराने. जावयाने या वेळी काहीच विचारलं नाही. सॅक उतरवत म्हणाला, "मामा, मी दोर काढतो. तेवढी गिऱ्हाईकं मोजता का?"

उस्तादांना बरं वाटलं. अजून आपल्यावाचून अडतं तर. त्यांनी नजर फिरवली. "दहा."

"अकरा हवीत."

उस्तादांनी पुन्हा मोजली. दहाच. ते गर्रकन वळले आणि मुलीवर खेकसले, की शेपटाला तू होतीस ना, माणूस मागे राहतोच कसा. ती बावचळून बघतच राहिली. उस्ताद दोन पावलं उताराकडे गेलेसुद्धा. जावयाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"मामा, कुणी राहिलेलं नाही. तुम्ही स्वतःला धरलं नाहीत."

दातांचे डॉक्टर मोठ्याने हसले. म्हणाले, त्यांचे वडीलही निवृत्त झाल्यावर वर्षभर रोज डबा भरून घ्यायचे. सगळे हसले. जावई हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "वाटाड्या स्वतःला मोजत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. सवयीने झालं म्हणालात तर मी तुम्हाला वर नेतो. दुसरं काही विचारणार नाही."

म्हणजे एक शब्द बोलायचा होता. शिखर हाकेवर होतं, आभाळ स्वच्छ. आणि खरं बोलायचं तर? आजारी माणूस एकटा उतरवायचा नाही, आणि एकट्या वाटाड्याने दोरावर माणसं न्यायची नाहीत. दोन्ही नियम यांचेच. म्हणजे यांच्यापायी सगळ्यांना खाली.

पहिल्यांदा सवयच होती, ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्यांदा मात्र लाल टोपीपाशी गाडं अडलं होतं. ती मोजली की राहिली, आठवेना. मग आधी दहा म्हणालो होतो म्हणून पुन्हा दहा म्हणालो. हे कुणालाच दिसलं नव्हतं. दोन्ही बहिणी हातमोजे चढवून दोराजवळ उभ्या होत्या. उद्या याच दोरावर मी घसरलो तर...

"सवय नव्हती," उस्ताद म्हणाले. "दुसऱ्यांदा मोजताच आलं नाही मला. दुसऱ्या थांब्यापासून डोकं दुखतंय. रोज उठून लोकांना सांगतो लपवू नका, आणि मीच लपवलं."

मुलगी काही बोलणार होती, नवऱ्याने नजरेने थांबवलं. लोकांना सांगणं त्याचं काम होतं, पण उस्तादच पुढे झाले. माझ्यामुळे तुम्हाला इथून परत फिरावं लागतंय, एवढं म्हणाले. माफी मागायची होती, पण धाप लागली. डॉक्टरांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि चेन लावली. लाल टोपीवाली शिखराकडे बघत उभी राहिली, तिला बहिणीने हाताला धरून वळवलं.

जावई दोर गुंडाळत म्हणाला, "मामा, पुढे व्हा. सावकाश."

उस्ताद सगळ्यांच्या पुढे चालू लागले. मुलीने त्यांचा कोपर धरला होता. मागे सगळे त्यांच्या गतीने रेंगाळत येत होते, दगडांवर नुसता काठ्यांचा आवाज. कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बरंच उतरल्यावर डोक्यावरचा पट्टा सैल पडला. हेच सगळ्यात वाईट. खाली आलं की प्रत्येकाला वाटतं, जमलं असतं की. किती जणांना समजावलं होतं त्यांनी, की तसं नसतं. आता स्वतःलाच समजावत होते, आणि पटत नव्हतं. मुलीला काय कळलं कोण जाणे.

"हलकं वाटतंय का?"

उस्तादांनी वळून खिंडीकडे पाहिलं.

"वाटतंय. परत वर जावंसंही वाटतंय."

"मग अजून उतरू," ती म्हणाली आणि कोपरावरची पकड तिने घट्ट केली.