साडेबारा इंच जागा

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानदाराने तीन गोष्टी बघून यायला सांगितलं होतं. मदरबोर्डवरची खाच, पॉवर सप्लायची ताकद आणि कॅबिनेटच्या आत लांबीला जागा किती. पहिल्या दोन मी पाहिल्या. तिसरीसाठी पट्टी शोधत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढली.

सासरे शिंपी. दुकान बंद केलं, पण टेप काही गळ्यातून उतरली नाही. आपलं माप आयुष्यात चुकलेलं नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. सदरा बगलेत फाटला, तर गिऱ्हाईक जाड झालं असणार. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"साडेबारा," कॅबिनेटमधून डोकं बाहेर काढत ते म्हणाले.

मी बारा इंची कार्ड घेऊन आले.

घरांची, दुकानांची अंतर्गत सजावट कशी दिसेल, ते मी कॉम्प्युटरवर करून दाखवते. जुन्या कार्डावर चित्रातल्या खोलीत चार दिवे लावले, की स्क्रीन गोठायचा. आणि आज चार वाजता दातांची डॉक्टरीण येणार होती, आपला नवा दवाखाना स्क्रीनवर फिरून बघायला. पसंत पडला तर काम माझं. कुणाच्या हाताखाली नाही, माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम.

कार्ड कॅबिनेटमधल्या समोरच्या पंख्यावर अडलं. तिरकं केलं, उलटं केलं, दोन शिव्या दिल्या. जाईना.

"थोडं घट्ट वाटतंय," सासरे म्हणाले. "वापरून वापरून सैल होईल."

"बाबा, पत्रा आहे तो!"

मी त्यांच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः मोजलं.

"इथे तर अकराच इंच आहे."

"अकराच आहे."

"मग साडेबारा कुठून आले?"

"दीड इंच सैल धरला. अंगाबरोबर माप दिलं तर काचतं. उद्या पोट सुटलं म्हणजे?"

"कॅबिनेटला?"

ते टेपेची गुंडाळी करत बसले. मी दुकानदाराला फोन लावला. कार्ड बदलून देतो म्हणाला, पण लहान कार्ड मंगळवारी येणार. माझं डोकं फिरलं. सासऱ्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि सासऱ्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर, पुठ्ठ्यावर मांडला. कार्ड उघड्यावरच बसवलं. पंखे फिरले, दवाखान्यात दिवे लागले, स्क्रीन गोठला नाही.

डॉक्टरीणबाई चारला आल्या. सगळा दवाखाना फिरल्या, भिंतीचा रंग बदलून बघितला, खूश झाल्या. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"हे असं उघडं का पसरलंय?"

"कार्ड कॅबिनेटमध्ये मावलं नाही," मी बोलून गेले.

"म्हणजे स्वतःच्या कॅबिनेटचं माप चुकलं?" त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "माझ्याकडे खुर्ची आणि भिंतीत इंचभर इकडचं तिकडे झालं तर मी उभी कुठे राहू?"

त्यांनी पर्स उचलली. सासऱ्यांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण शेजारच्या खोलीत म्हातारा सगळं ऐकत होता, आणि त्याच्याकडे दुकान गेल्यावर तो एवढाच तोरा उरला होता. मला दोघांचाही राग आला, पण ते नाव मी गिळून टाकलं.

सासरे दारात येऊन उभे राहिले.

"माप मी घेतलं होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं. तिचं नाही."

लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स खाली ठेवली.

"मग दवाखाना मोजायला कधी येता?"

"सोमवारी येते," मी म्हटलं.

"आणि एकटीच येईल," सासरे म्हणाले.