शंभरपट

बाटलीच्या गळ्याशी अडकलेला थेंब काही केल्या खाली येईना. तिने टिचकी मारली, बाटली तिरकी केली, तरी तो तिथंच, फुगलेला, हट्टी. मुंगीच्या डंखातलं आम्ल ते, नाकाला झोंबणारं... आणि तेवढ्यात दारातून सरांचा आवाज आला, "अगं, वाचलंस का? त्या लोकांनी मोजलं शेवटी!"

वाचलं होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध, सकाळीच, दूध उतू जाईपर्यंत. ओझोन झाडांच्या वाफांना भिडला की एक रेणू जन्मतो, अर्धामुर्धा, पापणी लवण्याआधी कुणाला तरी चिकटून संपणारा. तो हवेतल्या आम्लांना किती वेगाने गाठतो, एवढाच प्रश्न. उत्तर आलं होतं पुस्तकातल्या आकड्याच्या शंभरपट. तिचंच उत्तर. अकरा वर्षांपूर्वीचं, याच खोलीतलं, याच काचेच्या नळीतलं...

निवृत्त झाले तरी तिचे मार्गदर्शक सर गुरुवारी प्रयोगशाळेत यायचेच. चहा ढवळत म्हणाले, "तुलाही तेव्हा असंच काहीतरी आलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, सर. नळी अस्वच्छ आहे म्हणून."

"मी? छे गं! मी कशाला असं म्हणेन?"

चेहरा इतका निर्मळ, की तिला तो कप हिसकावून घ्यावासा वाटला. अकरा वर्षं ते एक वाक्य तिने उराशी धरलं होतं — बढती हुकली तेव्हा, नवरा 'सोड ना आता तो विषय' म्हणाला तेव्हा, लेकीने शाळेच्या निबंधासाठी 'आई, तू काय शोधलंस?' विचारलं तेव्हा... ठीक आहे. दाखवतेच.

आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या फळीवर, वही होती. तिने पान काढलं. तीन दिवसांची तीन मोजमापं, तिन्ही एकमेकांना धरून. आणि त्यांवर आडवी रेघ, खाली शेरा: 'नळी अस्वच्छ. आकडे धरू नयेत.'

अक्षर तिचं होतं.

सरांनी सांगितलं आणि तिने लिहिलं... असंच ना? की सरांनी नुसता चष्मा कपाळावर चढवून "बघ बुवा, पुस्तकात तर फारच कमी आहे" म्हटलं, आणि पुढचं तिनेच, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, त्यांच्या तोंडून निघायच्या आत... ती आठवू लागली. तो चष्मा आठवला. रेघ मारताना वाटलेलं हलकं हलकंही आठवलं — सुटले बाई एकदाची! ते वाक्य मात्र, इतक्या वेळा घोकलेलं, आता नेमकं सरांच्या आवाजात ऐकू येईना.

"सापडलं का गं काही?"

"नाही," ती म्हणाली. "बघतेय."

राग होता तिथंच, तितकाच कडू. फक्त तो कुणावर धरायचा, हे तिला आता सांगता आलं नसतं.