डावखुऱ्याचा छेद

इंदूरहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, आणि अच्युत दिघ्यांनी प्राणिशास्त्र शिकवता शिकवता आयुष्य घालवलं ते समुद्रातल्या बिनकवचाच्या गोगलगायींत. लोक हसायचे, हसोत बापडे. ओख्याच्या किनाऱ्यावर सापडलेल्या तीन बोटभर जिवांवरून त्यांनी एक नवी प्रजाती, म्हणजे जातींचं अख्खं घराणंच, जगापुढं मांडलं होतं आणि बायकोच्या नावावरून त्याला नाव दिलं होतं: सरलिया. मूलबाळ नाही, पुस्तक नाही. आयुष्याची कमाई काय ती एवढीच.

घराणं वेगळं का, तर बाकीच्यांच्या नर-अवयवाच्या टोकाला काटा असतो, सरलियाला नाही.

शुक्रवारी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, स्पृहा, महूहून आली. ओख्याचीच एक नवी सरलिया तिनं कापली होती. "सर, जरा देख लो ना," एवढंच म्हणून तिनं काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

काटा होता.

"तुझ्या गोगलगायीची जात दुसरी असेल," सर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना आवडला नाही. त्यांनी कपाटातून त्या मूळ तीन नमुन्यांची जुनी बाटली काढली. तिघांपैकी एकच त्यांनी तेव्हा कापला होता. दोन शाबूत होते. "यातला एक काप. माझ्यासमोर."

स्पृहानं डाव्या कुशीतून छेद घेतला. तिचा हात बघता बघता सरांच्या ध्यानात आलं. ते स्वतः डावखुरे. सोयीसाठी त्यांनी प्राणी फिरवून ठेवला होता आणि कात्री उजव्या कुशीतून चालवली होती. या जिवांची जननेंद्रियं उघडतात ती नेमकी उजवीकडे. काटा होताच, पहिल्याच छेदात त्यांनी तो उडवला होता. आधी बाजू बघा, मग कात्री चालवा, असं पोरांना जन्मभर बजावलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जुन्या नमुन्यातही काटा निघाला. म्हणजे सरलिया हे वेगळं घराणं उरलंच नाही.

"सर, छोड़ो ना. मी नाही छापत," स्पृहा म्हणाली. "मतलब, कोण तपासायला येतंय इथं?"

मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगला पाच मिनिटं झाला.

"छाप," ते शेवटी म्हणाले. "आणि चूक कशी झाली तेही लिही बेटा. पुढचा डावखुरा सावध होईल."

खरं अवघड काम पुढंच होतं. सरलाबाई ओट्याशी भुट्टे किसत होत्या. दारातच उभं राहून सरांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं नाव खोडणार?"

"खोडत नाहीत. रद्द झालेलं नावही यादीत राहतं, खऱ्या नावाखाली, बारीक अक्षरांत. कायमचं."

"आणि चूक कुणाची, ते?"

"तेही. नाव देणाऱ्याचं आडनाव पुढं लागतं. सरलिया, दिघे, १९९४." त्यांना मान वर करवेना. "फार वाईट वाटतंय, सरला."

सरलाबाईंनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"म्हणजे दोघं एकाच ओळीत," त्या म्हणाल्या. "राहू दे की मग."