भरल्या श्वासाचं माप

हँगरवर चौदा निळे फ्रॉक.

वहीतला एक आकडा, खोडरबरानं इतका घासलेला की तिथला कागद कांद्याच्या सालीसारखा झाला होता.

समूहगानातली सगळ्यांत लांब ओळ. एका दमात म्हणायची. मध्ये श्वास घेतला तर गाण्याच्या बाई ओरडत नाहीत, नुसत्या बघतात.

तुटलेला हुक.

हुक तुटला तो बटणच्या पाठीवर. बटण ही शिवणकाम करणाऱ्या मावशीची भाची, वय वर्षं अकरा. लहानपणी दुकानातलं एक बटण गिळून तिनं घरादाराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, तेव्हापासून हेच नाव. ती लांब ओळ तिला एकटीला म्हणायची होती आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. फ्रॉक घालून पहिली तालीम झाली, त्यात ओळ निम्म्यावर तुटली. दुसऱ्यांदाही तुटली. तिसऱ्यांदा हुकच गेला. बाईंनी निरोप धाडला की फ्रॉकचं जमत नसेल तर ओळ दुसरीला देते.

मावशीनं फ्रॉक उलटा करून पाहिला. शिलाई चोख होती. मग तिनं मापांची वही काढली. कंबर २४. चारच्या खाली पुसलेला सहा अजून दिसत होता.

मापं मावशी घ्यायची आणि मोठ्यानं सांगायची. वहीत लिहायची बटण. माप देताना सगळ्याच जणी पोट आत ओढतात, म्हणून मावशीची जुनी युक्ती होती. टेप लावली की विचारायचं, सकाळी काय खाल्लं? माणूस बोलायला लागलं की पोट आपोआप जागेवर येतं. पण बटण याच दुकानात रांगलेली. तिनं पोट आत ठेवूनच 'काही नाही' म्हटलं होतं. मावशीला वाटलं, नखरे. तरी टेपनं सव्वीस दाखवले, आणि मावशी बोलून गेली होती की यंदा आमच्या बटणनं चांगलंच बाळसं धरलंय. रांगेतल्या तेरा मुली हसल्या होत्या. मावशीही हसली होती.

आता तिनं वही भाचीपुढे धरली. बटणनं मशीनचं चाक हातानं फिरवलं.

"तू सगळ्यांसमोर सांगतेस," ती म्हणाली.

"काय सांगते?"

"आकडा."

मावशीनं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी तिनं चौदाही जणींना बोलावून घेतलं आणि मापात माझीच चूक झाली, असं सांगून टाकलं. टेप खणात होती. हातात होत्या कागदाच्या लांब पट्ट्या, कोऱ्या. बरगड्यांभोवती पट्टी लावायची, कात्रीनं एक खाच पाडायची. मग मुलीनं गाताना घेतात तसा श्वास घ्यायचा, भरून, आणि धरायचा. दुसरी खाच. फ्रॉक दुसऱ्या खाचेचा.

शिडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सगळ्यांत उंच आणि सडपातळ मुलीच्या दोन खाचांमध्ये दीड बोट अंतर पडलं. तिनं पुन्हा माप घ्यायला लावलं. पुन्हा दीडच. बटणची तीन बोटं भरली.

"मावशी, भाचीला झुकतं माप नको हं," शिडी म्हणाली.

पट्टी परत लावली. तीनच भरली. मग सगळ्याच जणी गाल फुगवून, डोळे वटारून श्वास भरायला लागल्या. एकीला ठसका लागला.

मावशीनं बटणच्या फ्रॉकच्या शिलाईत राखलेली जादा कापडाची माया उसवली. तेवढ्यानं भागेना, म्हणून दोन्ही बाजूंना कापडाची पट्टी जोडली.

"ही दिसेल?" बटणनं विचारलं.

"हात वर केलास तर दिसेल."

बटणनं जरा विचार केला. "गाताना हात खालीच असतात."

कार्यक्रमात ओळ एका दमात झाली. घरी येऊन तिनं आरशात एकदा बाजूनं पाहिलंच, हे मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. मावशीनं ताट वाढलं.

पहिल्या मापाच्या दिवशी बटणनं खरंच काही खाल्लं नव्हतं.