मेलखालची ओळ

“अगं, तू अर्धंच वाचलंस!” वडिलांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि संगणकाच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं. “खाली केवढं लिहिलंय बघ की पोरानं!”

धाकट्या भावाच्या उत्तरात वर दोनच वाक्यं होती. ‘मेल मिळाली. सध्या येणं जमणार नाही.’ तेवढीच लेकीनं वाचून दाखवली होती, आणि त्यापुढे वाचण्यासारखं काही नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गल्लीत तिला सहीवालीच म्हणत. कंपन्यांच्या मेलखाली जी ऐटबाज सही आपोआप उमटते, म्हणजे नाव, हुद्दा, फोन, कडेला हसरा फोटो आणि सगळ्यांत खाली एक गोडगोड ओळ, तसल्या सह्या मांडून देणं हा तिचा धंदा. “लोकांच्या सह्या करतेस, एक दिवस पोलीस येतील दारात,” असं वडीलच तिला चिडवायचे.

धाकटा भाऊ ‘वरिष्ठ व्यवस्थापक, ग्राहक सेवा’ झालाय, हे दोघांनाही आत्ता त्या सहीतून कळलं. फोटोत त्याला चष्मा लागलेला होता. तळाशी ती ओळ होती : ‘आपण आमचेच आहात. केव्हाही निःसंकोच फोन करा.’

“आपण आमचेच आहात,” वडिलांनी बोट ठेवून वाचलं. “बापाशी तोंडानं बोलायला जड जातंय त्याला. माझ्यावरच गेलाय. वर ताठा, आत माया.”

तिच्या अगदी ओठावर आलं होतं. बाबा, ही ओळ त्या कंपनीतल्या प्रत्येकाच्या मेलखाली जाते. बिघडलेल्या मिक्सरची तक्रार करणाऱ्यालाही जाते. पण परवावर त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आलं होतं, आणि धाकटा घर सोडून गेल्यापासून हा चेहरा असा उजळलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं शब्द गिळला.

वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. मुलानं ते पुढे चालवावं एवढीच त्यांची इच्छा, आणि मुलाला ग्रीसचा वाससुद्धा नको. नोकरी लागल्याचं त्यानं दुकानातच येऊन सांगितलं, तेव्हा वडिलांनी हातातला पाना आपटला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “आजपासून तू मला मेलास.” रागाच्या भरात बोलणारा बोलून मोकळा होतो; ऐकणारा मात्र ते शब्द जन्मभर वागवतो. आई गेली तेव्हा तो आला, बहिणीच्या गळ्यात पडून रडला आणि बापाकडे न बघता परत गेला. त्याचा नवा नंबर बापाला द्यायचा नाही, अशी शपथच त्यानं बहिणीला घातली होती. म्हणून तर वडिलांनी तिच्याकडून मेल लिहून घेतली : ऑपरेशन आहे, त्याआधी एकदा येऊन जा.

त्यांनी शर्ट बदलला. फोन करायचा म्हणून शर्ट! केसांवरून फणी फिरवली. सहीतला नंबर कागदावर उतरवून घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, म्हणजे विळी समोर होती आणि कान बाहेर.

“हॅलो, साहेब आहेत का? मी त्यांच्या घरून बोलतोय... कसला नंबर? तक्रारीचा? नाही हो बाई, माझी कसली तक्रार! त्यानंच फोन करायला सांगितलंय. तसं लिहिलंय त्यानं. आपण आमचेच आहात, म्हणून...”

मग बराच वेळ ते नुसतंच ऐकत राहिले.

“असं होय... सगळ्यांनाच जातं का ते... नाही, नाही, तुमची काय चूक त्यात. निरोप? नको. काही नाही.”

आत आले तेव्हा चेहरा पडला होता, तरी आवाज खणखणीत काढला. “मीटिंगमध्ये आहे तो. मोठा माणूस झालाय!”

“करेल हो नंतर,” ती म्हणाली. दोघंही एकमेकांशी खोटं बोलले आणि दोघांनाही ते कळलं.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. ती जिन्यात गेली.

“ताई, बाबांनी ऑफिसात फोन केला होता. नंबर कुणी दिला त्यांना?”

“तूच दिलास. मेलखाली.”

“ती सही आहे गं! आपोआप जाते. तुला कळत नाही?”

“माझं पोट आहे त्यावर. मला नाही कळणार?”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“तू येऊन सांग,” ती म्हणाली. “ऑपरेशन आहे रे परवा. येऊन सांग आणि लगेच जा.”

तो म्हणाला, “माणसं बसलीयत. ठेवतो.”

ती वर आली तर वडील तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले होते. “मलाही एक सही करून दे,” ते म्हणाले. “आणि रडू नकोस. दुपारीच कळलं मला. पण तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस. शर्ट बदलून फोन लावेपर्यंत तरी मला मुलगा होता.”

तिनं डोळे पुसून सहीचा साचा उघडला. नाव घातलं, घरचा नंबर घातला.

“तळाशी काय लिहू?”

“केव्हाही ये. एवढंच.”

“आणि हुद्दा? वडील लिहू ना?”

गुडघ्यावरचा हात त्यांनी उगाच दोनदा झटकला.

“नको. त्या जागेचा राजीनामा मीच दिला होता, चार गिऱ्हाइकांसमोर. आता आपणच कसं लिहायचं? ते त्यानं लिहायचं. जागा मोकळी ठेव.”

साच्याची खोड अशी, की एखादी ओळ रिकामी राहिली की खालची आपसूक वर सरकते आणि मधे काही नव्हतंच असं दिसतं. फोन नंबर नावाला जाऊन चिकटला. तिनं तो धरून खाली आणला. नाव आणि नंबर यांच्यामध्ये एका ओळीची पांढरी जागा उरली.

“दिसेल ना त्याला?” वडिलांनी विचारलं.

“दिसेल,” ती म्हणाली आणि ती सही लावून तिनं भावाला मेल पाठवली.