युस्टेस अंकलच्या कानातून सरूबाईंच्या कानात

मित्रांनो, कानामागे एखादा काजू अडकवून ठेवावा, एवढीच मी आहे. पूर्वी माझा रंग गव्हाळ होता. आता घामाने आणि खाऱ्या हवेने तो पिवळट झाला आहे. पुस्तकात मला श्रवणयंत्र म्हणतात, पण आमच्या मनोरी गावात सगळे ‘कानाची मशीन’ म्हणतात आणि मला तेच जवळचं वाटतं. बाहेरचा आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि आत पोचवायचा, एवढंच माझं काम. शब्द चांगला की वाईट, हे ठरवणं माझ्याकडे दिलेलं नाही. ते दिलं असतं तर बरं झालं असतं, असं गेल्या वर्षभरात मला फार वेळा वाटलं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी जोडणी झाली. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली भिंगाखाली बघत चिमट्याने माझे भाग बसवायच्या. त्यांच्यातली नमिता नावाची मुलगी प्रत्येक मशीन डबीत ठेवताना डोळे मिटून क्षणभर थांबायची. मुकादम हसायचा. ती म्हणायची, “हसा तुम्ही. कुणाच्या तरी कानात पहिला आवाज हिच्यातून जाणार आहे.”

माझ्यातून पहिला आवाज ऐकला तो युस्टेस अंकलनी. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी लोखंड कातायची लेथ चालवली होती. लेथच्या खरखरीने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. डॉक्टरांनी त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला, साचा माझ्या नळीला जोडला आणि आम्ही फेरीबोटीने घरी आलो. घरात शिरताच अंकल थबकले.

“आयडा, तू रांधताना गातेस?”

“चाळीस वर्षं गातेय,” त्यांच्या पत्नी आयडाआंटी म्हणाल्या. “तू आज आलास ऐकायला!”

त्या दिवशी त्यांनी चार वेळा एकच गाणं म्हणून घेतलं.

अंकलनी मला फार जपलं. रोज छोट्या ब्रशने पुसायचे. झोपताना माझी बॅटरी काढून मला दमट हवा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचे. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून रोझरी म्हणत. अर्धी प्रार्थना आंटी म्हणायच्या, उरलेली अंकल. त्यांचा सूर जरा बेसूर होता, पण तो माझ्यातून तपासूनच लागायचा, म्हणून मला त्याचा अभिमान होता.

अंकलना फोनवर गावातल्या प्रज्योतचे व्हिडिओ बघायची आवड होती. प्रज्योत म्हणजे मासे विकणाऱ्या सरूबाईंचा मुलगा. शिकला, अंधेरीला ऑफिसात लागला आणि घरी आल्यावर ‘सडेतोड प्रज्योत’ नावाचं चॅनल चालवू लागला. कधी कृत्रिम बुद्धिमत्ता, कधी विजेवरच्या गाड्या, कधी निवडणूक. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं आणि ते मोठ्या आवाजात असायचं. फोन कानाजवळ आणला की माझाच आवाज माझ्यात परत येऊन मी शीळ घालायचे, तरी अंकल ऐकायचे. “आपल्या गावचा पोरगा आहे,” म्हणायचे. “बघ कसा फाडफाड बोलतो.”

एके दिवशी प्रज्योत म्हणाला, दोन वर्षांत सगळी हातकामं यंत्रं करतील, जुन्या लोकांनी आता बाजूला व्हावं. अंकलनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून खाली लिहिलं, “बाळा, मी मशीनवरच आयुष्य काढलं. मशीन चांगलीच असते. पण ती बिघडते तेव्हा कोणाला हाक मारायची, तेही सांग. तुझा युस्टेस अंकल.”

दुसऱ्या दिवशी प्रज्योतने या चार ओळींवर अख्खा व्हिडिओ केला. त्याने अंकलचा फोटो मोठा करून दाखवला. अंकलच्या कानापाशी, मित्रांनो, माझ्याभोवती, त्याने लाल गोल काढला होता.

“हे बघा! मशीन कानात आणि नावं मशीनलाच! अंकल, आधी ती बॅटरी काढा, मग आपण बोलू!”

मागे हसण्याचा आवाज जोडला होता. मी सुन्न झाले. अंकलनी मशीनला नावं कुठे ठेवली होती? खाली शेकडो माणसं लिहू लागली. मी ती वाचू शकत नव्हते, पण अंकल एकेक ओठांतल्या ओठांत वाचत होते. म्हातारा डबा. भंगारात घाला. कुणीतरी फोटोतल्या अंकलच्या डोक्यावर प्लगची वायर काढली होती. आठ दिवसांनी जेटीवर अनोळखी मुलं ओरडली, “ओ अंकल, चार्जिंग किती टक्के?” ते शब्द मीच मोठे केले आणि मीच आत सोडले. अंकलचा कान माझ्याभोवती गरम झालेला मला कळला.

घरी येऊन त्यांनी मला कानातून काढलं, बॅटरीचं दार उघडलं आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

दहा महिने मी त्या डब्यात होते. आंटी अधूनमधून डबा उघडत. “घाल रे, युस्टेस,” म्हणत. अंकलना ते ऐकूच येत नव्हतं. संध्याकाळची रोझरी आंटी एकट्या म्हणायच्या, आपला भाग आणि अंकलचा भागही. अंकल शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे.

मग श्रावणाच्या तोंडावर आंटींनी मला डब्यातून काढलं आणि दारात पाटी घेऊन आलेल्या सरूबाईंच्या हातावर ठेवलं. सरूबाईंनाही गेली काही वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाईक काही म्हणालं की त्या मान डोलवून गोड हसायच्या. सगळ्यांना वाटायचं, किती समजूतदार बाई.

आंटी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “तू वापर गो, सरू. पडून राहिली तर खराब होईल.”

“आन् अंकलला?”

“त्याने काढून ठेवली. त्याला नको.”

सरूबाईंनी मला दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. इतकी वर्षं कानात राहिले, पण मला नमस्कार कुणी केला नव्हता. बोरिवलीच्या दवाखान्यात माझी मापं बदलली, नवा साचा झाला. जुना साचा तिथल्या माणसाने टोपलीत टाकला. त्यात अंकलच्या कानाचा आकार होता.

सरूबाईंचं घर म्हणजे नेमांचं घर होतं. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा आणि मगच चहा. प्रज्योतचे व्हिडिओ त्यांनी कधी ऐकलेच नव्हते, फक्त पाहिले होते. हलणारे हात, चमकणारे डोळे आणि खाली वाढत जाणारे आकडे. तो ज्याच्यापुढे बोलायचा त्या गोल दिव्याच्या स्टँडलाही त्या दसऱ्याला हळदकुंकू लावत. लेकाला यश मिळावं म्हणून सव्वीस वर्षं, म्हणजे त्याच्या जन्मापासून, त्या श्रावणी सोमवार मौनाने जेवत. दिवसभर उपवास, सूर्य मावळला की एक ताट. जेवताना एक शब्द तोंडातून गेला तर ताटावरून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. सव्वीस वर्षांत एकदाही त्या उठल्या नव्हत्या.

मी आल्यावरचा तो पहिला सोमवार. सरूबाई ताटावर बसल्या होत्या. पडद्यापलीकडे प्रज्योतचं लाइव्ह सुरू झालं. चॅनलला एक लाख माणसं जोडली गेली होती, त्याचा आनंद होता. लेकाचं भाषण पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं, म्हणून सरूबाई घास चावायच्याही थांबल्या. चेहरा कसा उजळला होता त्यांचा!

“मित्रहो,” प्रज्योत म्हणाला, “आपला सगळ्यात हिट व्हिडिओ कुठला? बरोब्बर! आपले बॅटरीवाले युस्टेस अंकल! चला, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!”

आणि तोच आवाज पुन्हा माझ्यातून गेला. मशीन कानात आणि नावं मशीनलाच. मागून ते जोडलेलं हसू. वर प्रज्योतने लोकांचं जुनं लिहिलेलंही हसत वाचलं, म्हातारा डबा, भंगारात घाला.

मित्रांनो, मला थांबता आलं असतं तर मी तिथेच बंद पडले असते. सरूबाईंचा हात वरणभातात तसाच राहिला. त्यांनी डावा हात कानाकडे नेला, मला चाचपलं. मग त्या उठल्या, भाताने माखलेल्या हाताने पडदा सारला आणि बोलल्या.

“प्रज्योत, ती मशीन माजे कानान हाय.”

प्रज्योत वळला. “आई, लाइव्ह आहे! आत जा ना!”

“कोन ऐकतंय ते ऐकू दे. त्या माणसाने तुला सायकल शिकवली. तुजा गुडघा फुटला तवा त्याच्या रुमालाने बांधला होता. त्याला तू भंगार म्हनलास?”

“मी नाही म्हटलं, लोक म्हणाले...”

“आन् तू हसलास.”

प्रज्योतने फोन बंद केला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अर्ध्या तासात त्या दोन मिनिटांचे तुकडे सगळीकडे फिरू लागले. प्रज्योत पांढऱ्याफटक चेहऱ्याने वाचत होता आणि सरूबाई म्हणाल्या, मोठ्याने वाच.

“आई एकदम झकास, पोरगा नालायक... याला चपलेने मारा... सगळं ठरवून केलंय, व्ह्यूजसाठी आईला उभी केली... मच्छीवाल्यांची लायकी दिसली...” मग तो अडखळला. “एक जण म्हणतोय की तू खरी नाहीस.”

“म्हंजे?”

“कॉम्प्युटरने बनवलेली आई आहेस. म्हणतोय, हाताची बोटं मोजा, सहा आहेत.”

सरूबाईंनी आपला हात दिव्याखाली धरला. भाताची शितं वाळून चिकटली होती. त्यांनी एकेक बोट मोजलं. मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का त्यांना तिथे बसला.

“ही मानसं तुज्या वळखीची?”

“नाहीत.”

“मंग तुला का मारायला निघालीत? तू त्यांचं काय केलंस?”

युस्टेस अंकलनीही त्यांचं काही केलं नव्हतं. प्रज्योतने फोन उपडा ठेवला. तो प्रथमच रडकुंडीला आलेला मी ऐकला.

“उद्या सकाळी अंकलकडे जायचं,” सरूबाई म्हणाल्या, आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. त्या उपाशीच झोपल्या.

सकाळी आयडाआंटींनी दार उघडलं. सरूबाई उंबऱ्यातच विचारू लागल्या, “आयडाबाय, तू मला का नाय सांगितलंस गो? एका शब्दाने नाय?”

“तीनदा सांगितलं,” आंटी शांतपणे म्हणाल्या. “तुझ्या पाटीसमोर बसून रडत सांगितलं. तू मान डोलवून हसलीस आणि दोन बोंबील जास्त घातलेस.”

सरूबाईंनी भिंतीला हात टेकला.

अंकल ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. प्रज्योत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “अंकल, सॉरी!” अंकल नुसते बघत राहिले. तो आणखी मोठ्याने म्हणाला. मग ओरडला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, पण अंकलच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. एक लाख माणसांपर्यंत पोचणारा आवाज दोन हातांवर पोचत नव्हता.

सरूबाईंनी मला कानातून काढलं. काढताना क्षणभर थांबल्या. मी निघाले की लेक काय म्हणतो ते त्यांना ऐकू येणार नव्हतं. तरी त्यांनी मला प्रज्योतच्या तळहातावर ठेवलं आणि अंकलच्या कानाकडे बोट केलं.

साचा सरूबाईंच्या कानाचा होता. अंकलच्या कानात तो बसेना. मी निसटायचे, शीळ घालायचे. शेवटी प्रज्योतला गुडघ्यावर बसून मला दोन बोटांनी कानाशी दाबून धरावं लागलं. एवढ्या जवळून मोठ्याने बोललं तर अंकलना दुखलं असतं. म्हणून तो अगदी हळू बोलला. तो काय म्हणाला, ते मी तुम्हांला सांगणार नाही. ते एकाच माणसासाठी होतं.

अंकलनी ऐकलं. डोळे पुसले. मग म्हणाले, “आवाज बरा आहे रे तुझा. व्हिडिओत उगाच कर्कश वाटतो.”

प्रज्योत हसायला गेला आणि रडला. सरूबाई दोघांच्या ओठांकडे बघत होत्या. या वेळी त्यांनी मान डोलवली नाही. आंटींचा हात धरून विचारलं, “अंकल काय म्हनाला गो? मला नीट सांग.” आणि आंटींनी कानाशी लागून अंकलचं बोलणं सांगितलं.

आता मी सरूबाईंकडेच आहे. अंकल पुढच्या आठवड्यात प्रज्योतबरोबर नव्या मशीनचं माप द्यायला जातील. व्हिडिओ त्याने काढून टाकला, पण कुणाकुणाच्या फोनमध्ये तो अजून फिरतो आहे आणि आई खरी की खोटी, हा वाद तर अजून संपलेला नाही.

मित्रांनो, मला ब्रशने पुसा, कोरडं ठेवा, हे तर मी सांगतेच. पण आणखी एक मागते. कुणाबद्दल काही लिहायला बोट उचललंत, तर त्याच बोटांनी आपण मला त्या माणसाच्या कानाशी धरलं आहे, असं समजा. आणि मग तुम्हांला जे म्हणायचं असेल, ते हळू म्हणा.